क्रीडा सट्टेबाजी कायदेशीर करण्याचा प्रस्ताव कसा तपासावा

खेळांवरील सट्टा कायदेशीर करण्याचा प्रस्ताव पुढे आला की चर्चा ठरावीक दोन बाजूंनी सुरू होते. लोक तसेही सट्टा लावतातच, मग निदान सरकारला कर तरी मिळू दे, असे एक बाजू म्हणते. सरकारने जुगाराला मान्यता देणे हेच मुळात गैर आहे, असे दुसरी म्हणते. यांपैकी कोणतीही भूमिका घेतली तरी प्रस्तावाचा मजकूर वाचण्याची गरज उरत नाही, आणि समाजावर होणारे परिणाम मात्र बहुतांशी त्या मजकुरातच ठरलेले असतात. पत्रकार, विद्यार्थी, लोकप्रतिनिधी किंवा सूचना व हरकती पाठवू इच्छिणारा नागरिक यांपैकी कोणालाही असा प्रस्ताव, त्यातील आकडे आणि त्याच्या बाजूने वा विरोधात दाखवले जाणारे अभ्यास कसे पारखता येतील, हे पुढे सांगितले आहे.

नेमके काय कायदेशीर होणार, ते आधी लिहून काढा

ब्रिटनने १९६०च्या कायद्यानुसार १ मे १९६१ पासून सट्ट्याच्या दुकानांना परवानगी दिली. त्यामागची भूमिका अशी होती की लोकांची जी मागणी आधीच आहे ती भागवावी, नवी मागणी निर्माण करू नये. त्यामुळे ही दुकाने मुद्दाम रूक्ष ठेवली गेली आणि तेथे दूरचित्रवाणी संच किंवा चहापाणी ठेवण्यास १९८६पर्यंत मुभा नव्हती. त्याच ब्रिटनचा २००५चा जुगार कायदा सप्टेंबर २००७ मध्ये पूर्णपणे लागू झाला आणि सट्टा कंपन्यांना दूरचित्रवाणीवर जाहिराती करता येऊ लागल्या. दोन्ही काळांत सट्टा कायदेशीरच होता, तरी १९६५ मधील ग्राहकाला त्यासाठी उठून एका उदास खोलीत जावे लागे आणि २०१५ मधील ग्राहकाला सामना पाहता पाहता त्याचे आमंत्रण मिळे. ब्रिटनमध्ये सट्टा कायदेशीर असूनही काही बिघडले नाही, असे कोणी म्हटले, किंवा सगळेच बिघडले असे म्हटले, तर कोणत्या दशकाबद्दल बोलता आहात, हा पहिला प्रश्न विचारावा.

अमेरिकेबाबतही असाच गोंधळ होतो. १९९२च्या एका संघीय कायद्याने नेव्हाडासारखे मोजके अपवाद वगळता राज्यांना क्रीडा सट्ट्यास परवानगी देण्यापासून रोखले होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी तो रद्द केला. न्यायालयाने सट्टा कायदेशीर केला नाही. राज्यांनी कोणते कायदे करावेत यावर संघाने अशी सक्ती करू नये, एवढेच सांगितले. त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी परवानगी दिली, पण एकाच पद्धतीने नाही. वॉशिंग्टन राज्यात सट्टा आदिवासी जमातींच्या कॅसिनोंपुरता ठेवला गेला, तर न्यू जर्सीत तो मोबाइलवर आला आणि लवकरच तेथील बहुतेक सर्व पैजा फोनवरूनच लागू लागल्या. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये यासंबंधीचे दोन्ही प्रस्ताव फेटाळले.

म्हणून प्रस्ताव हातात आल्यावर काही प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहून काढावीत. सट्टा दुकानात लावता येणार की फोनवर? केवळ सामन्याच्या निकालावर, की चालू सामन्यातील पुढच्या चेंडूवर, पुढच्या सर्व्हिसवर आणि एकेका खेळाडूच्या आकड्यांवरही? क्रेडिट कार्डाने पैसे भरता येतील का? महिन्याला किती रक्कम भरावी यास मर्यादा आहे का, आणि ती सर्व कंपन्यांत मिळून आहे की प्रत्येक कंपनीत वेगळी? जर्मनीने २०२१च्या राज्यांमधील करारात ऑनलाइन जुगारासाठी सर्व कंपन्या मिळून सर्वसाधारणपणे दरमहा १,००० युरोची मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियात चालू सामन्यावर ऑनलाइन पैज लावता येत नाही. नॉर्वेत सरकारी मक्तेदारी असून हानीला, म्हणजे हरता येणाऱ्या रकमेला, सक्तीची मर्यादा आहे. प्रस्तावात या प्रश्नांची उत्तरे ‘नंतर नियमांद्वारे ठरवण्यात येतील’ अशी असतील, तर ज्यावर मत द्यायचे तो भागच अजून तुमच्यासमोर आलेला नाही असे समजावे.

माझ्या मते या सर्वांत फोन हा सर्वांत जड मुद्दा आहे. दुकान बंद होते, दुकानापर्यंत चालत जावे लागते, तेथे ओळखीचे कोणी भेटू शकते. ही किरकोळ वाटणारी अडचण बऱ्याच जणांना थांबवत असते, आणि फोनवर ती पूर्णपणे नाहीशी होते.

पैशाचे आकडे उलट्या बाजूने वाचा

सट्ट्याच्या हिशेबात तीन रकमा असतात आणि वृत्तांतांत त्यांची सतत सरमिसळ होते. लोकांनी लावलेली एकूण रक्कम म्हणजे उलाढाल. जिंकणाऱ्यांना परत दिल्यानंतर कंपनीकडे उरते ती कंपनीची कमाई. आणि कराद्वारे सरकारकडे जातो तो तिसरा आकडा. अमेरिकेत २०२४ मध्ये कायदेशीर उलाढाल सुमारे १५० अब्ज डॉलर होती आणि कंपन्यांची कमाई १३ अब्जांहून अधिक, म्हणजे उलाढालीच्या साधारण नऊ टक्के. समर्थक ‘प्रचंड बाजारपेठ’ दाखवताना पहिला आकडा सांगतात आणि ‘लोक फार हरत नाहीत’ हे दाखवताना दुसऱ्याची टक्केवारी सांगतात. विरोधकही अनेकदा पहिला आकडा हीच लोकांची हानी असल्यासारखे बोलतात. तोच पैसा जिंकून पुन्हा लावला जात असल्याने उलाढाल फुगते. लोकांची खरी हानी म्हणजे कंपन्यांची कमाई.

कराचा अंदाज तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. कर कमाईवर आकारला जाणार असेल, तर अपेक्षित कराला दराने भागावे. दर २० टक्के असून सरकारला १०० कोटी अपेक्षित असतील, तर लोकांनी वर्षाला ५०० कोटी हरावेत असे त्या अंदाजात गृहीत धरलेले आहे. हा आकडा प्रस्तावात सहसा लिहिलेला नसतो. तो आपण काढावा, प्रौढ लोकसंख्येने भागावा आणि मग सट्टा लावणाऱ्यांच्या अपेक्षित संख्येने पुन्हा भागून पाहावा. त्यानंतर त्या हानीची विभागणी विचारावी, कारण या व्यवसायात कमाईचा मोठा भाग थोड्याच खातेदारांकडून येतो. गंमत म्हणून महिन्यातून एकदा पैज लावणाऱ्यावर कंपनी चालत नाही.

दरांची तुलना करताना कर कशावर आहे ते पाहणे आवश्यक आहे. न्यू यॉर्क मोबाइल सट्ट्याच्या कमाईवर ५१ टक्के घेते, नेव्हाडा ६.७५ टक्के. जर्मनीचा दर ५.३ टक्के आहे, पण तो लावलेल्या रकमेवर आहे. कंपनीची कमाई उलाढालीच्या दहा टक्के असेल, तर हा किरकोळ दिसणारा दर कमाईच्या निम्म्याहून अधिक भरतो. शिवाय ग्राहकाला दिलेल्या ‘मोफत’ पैजा करपात्र रकमेतून वजा करता येतात का, हेही विचारावे. ही वजावट असेल तर सुरुवातीच्या वर्षांत, म्हणजे ग्राहक ओढण्याची शर्यत सर्वांत तीव्र असताना, कर अपेक्षेपेक्षा बराच कमी जमा होऊ शकतो.

पैजेचा भाव कसा बांधलेला असतो तेही एकदा हिशेब करून पाहावे. अमेरिकेत समसमान शक्यतेच्या पैजेवर १०० जिंकण्यासाठी सर्वसाधारणपणे ११० लावावे लागतात. अशा शंभर पैजांपैकी पन्नास जिंकल्या, तर ५,००० मिळतात आणि ५,५०० जातात. लावलेल्या ११,००० पैकी ५०० कंपनीकडे राहतात, म्हणजे सुमारे साडेचार टक्के. केवळ बरोबरीत सुटण्यासाठी ५२.४ टक्के पैजा जिंकाव्या लागतात. अशा चार पैजा एकात गुंफल्या, म्हणजे चारही अंदाज खरे ठरले तरच पैसे मिळतील अशी पार्ले पैज लावली, तर न्याय्य मोबदला १६ पट असायला हवा, मिळतो १३.३ पटीच्या आसपास. कंपनीचा वाटा एकदम १७ टक्क्यांवर जातो. जाहिरातींत अशा गुंफलेल्या पैजांवर भर का असतो आणि अमेरिकेतील प्रत्यक्ष सरासरी साडेचारऐवजी नऊ टक्क्यांवर का आहे, याचा उलगडा येथे होतो. म्हणून प्रस्तावात पैजांच्या प्रकारांची यादी नसेल तर ती मागावी.

काळ्या बाजाराचा युक्तिवाद

कायदेशीर मार्ग दिला की बेकायदा सट्टा ओसरेल, हा युक्तिवाद गंभीरपणे घेण्यासारखा आहे. बेकायदा बुकी उधारीवर खेळवतो, वय विचारत नाही आणि वसुलीसाठी न्यायालयात जात नाही. बेसबॉलपटू शोहेई ओहतानी यांचे दुभाषी इप्पेई मिझुहारा यांचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातील एका बेकायदा बुकीकडे ते हरत राहिले आणि ती देणी भागवण्यासाठी त्यांनी ओहतानी यांच्या खात्यातून सुमारे १.७ कोटी डॉलर चोरले. २०२५ मध्ये त्यांना ५७ महिन्यांची शिक्षा झाली. उधारीची ही सोय नसती तर हानी एवढी वाढली असती का, असा प्रश्न रास्तपणे विचारता येतो.

मात्र या युक्तिवादासोबत येणाऱ्या आकड्यांबाबत सावध राहावे. बेकायदा बाजाराची नोंदच होत नसल्याने त्याचा आकार अंदाजानेच सांगितला जातो, आणि अंदाज करणारा बहुधा परवाना मागणाऱ्यांपैकी कोणीतरी असतो. ग्राहक कायदेशीर कंपन्यांकडे किती वळले, याची मोजणीही दोन प्रकारे होते. नेदरलँड्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये परवानाधारक ऑनलाइन बाजार सुरू केला. तेथे खेळणाऱ्यांच्या संख्येनुसार बहुसंख्य लोक कायदेशीर ठिकाणी दिसतात, पण रकमेनुसार हे प्रमाण बरेच खाली येते, कारण मोठ्या रकमा लावणारे मर्यादा चुकवून बाहेर जातात. कोणी ‘नव्वद टक्के लोक कायदेशीर बाजारात आले’ असे सांगितले, तर ते माणसे मोजत आहेत की पैसे, हे विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कायदेशीर बाजारातील किती जण पूर्वी बेकायदा सट्टा लावत होते आणि किती जण आयुष्यात प्रथमच लावत आहेत, याचे उत्तर मागावे. काळ्या बाजाराचा युक्तिवाद पहिल्या गटाबद्दल आहे. जाहिरातींचा खर्च मुख्यतः दुसऱ्या गटासाठी होतो.

परिणामांचे अभ्यास कसे वाचावेत

अमेरिकेतील राज्यांनी वेगवेगळ्या वर्षी परवानगी दिल्यामुळे संशोधकांना तुलनेची चांगली सोय झाली. आधी परवानगी दिलेल्या राज्यांतील बदल, त्याच काळात परवानगी न दिलेल्या राज्यांतील बदलांशी ताडून पाहता येतात. परिणामांवरील कोणताही अभ्यास वाचताना अशी तुलना केली आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. ‘कायद्यानंतर दिवाळखोरी वाढली’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ती इतरत्रही वाढली असेल.

या पद्धतीने केलेल्या आणि २०२४ पासून पुढे आलेल्या संशोधनातून काही गोष्टी बऱ्याच ठामपणे दिसतात. घरगुती बँक व्यवहारांच्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की सट्ट्यात गेलेला पैसा इतर जुगारातून वा मनोरंजनाच्या खर्चातून वळलेला नव्हता. तो बचत आणि शेअर गुंतवणुकीतून आला होता, आणि आधीच ओढाताण असलेल्या कुटुंबांत कार्डावरील कर्ज व खात्यातून शिलकीपेक्षा अधिक उचल यांत वाढ झाली. पतनोंदींच्या दुसऱ्या अभ्यासात सरासरी पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) अगदी किंचित घसरलेला दिसला, पण दिवाळखोरी आणि वसुलीला गेलेली कर्जे यांतील वाढ ठळक होती, विशेषतः मोबाइलवर परवानगी असलेल्या राज्यांत. सरासरी आणि टोक यांतील हे अंतर लक्षात ठेवावे. सरासरी नागरिकावर परिणाम नगण्य आहे हे विधान आणि काही हजार कुटुंबे उद्ध्वस्त झाली हे विधान, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. आर्थिक हानी लगेच दिसत नाही हेही ध्यानात घ्यावे. बचत संपायला, कर्ज साचायला आणि मग दिवाळखोरीची नोंद व्हायला वर्ष-दोन वर्षे सहज जातात. कायदा लागू झाल्यावर सहा महिन्यांत केलेल्या ‘काहीच झाले नाही’ या पाहणीला त्यामुळे फारसा अर्थ नसतो.

घरातील हिंसेबाबतचा पुरावा अस्वस्थ करणारा आहे. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जिंकण्याची अपेक्षा असलेला स्थानिक अमेरिकन फुटबॉल संघ अनपेक्षितपणे हरला की पुरुषांनी पत्नी वा मैत्रिणीवर केलेल्या हिंसेच्या नोंदी सुमारे १० टक्क्यांनी वाढत. हे निरीक्षण सट्टा कायदेशीर होण्याच्या आधीच्या काळातील आहे. नंतरच्या संशोधनात परवानगी दिलेल्या राज्यांत हाच परिणाम अधिक तीव्र झाल्याचे आढळले.

व्यसनाचे प्रमाण मोजताना पद्धतीचा प्रभाव फार मोठा असतो. बहुतेक पाहण्यांत नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात; प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण आणि एकूण आठ वा अधिक गुण म्हणजे समस्याग्रस्त जुगार. ब्रिटनमध्ये घरी जाऊन केलेल्या आरोग्य पाहणीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी येई. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः ऑनलाइन उत्तरे घेणाऱ्या नव्या पाहणीत ते २.५ टक्के आले. लोक एवढ्यात बदलले असे नव्हे. समोर बसलेल्या माणसापुढे कबूल न करणारे पडद्यावर कबूल करतात, आणि जुगाराबद्दलच्या पाहणीला जुगार खेळणारेच अधिक प्रतिसाद देतात. या दोन आकड्यांची एकमेकांशी तुलना करून ‘पाचपट वाढ’ असे लिहिणारा लेख बाजूला ठेवावा, तसेच केवळ जुना आकडा दाखवून निश्चिंत करणारा लेखही.

मदत क्रमांकावरील दूरध्वनींची वाढ हा असाच फसवा निर्देशक आहे, कारण परवानाधारक कंपन्यांना जाहिरातीत तो क्रमांक छापावा लागतो आणि अधिक जाहिराती म्हणजे अधिक लोकांना क्रमांक माहीत. २०२५ मधील एका अभ्यासात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानंतर अमेरिकेत जुगाराच्या व्यसनावर मदत शोधणाऱ्या इंटरनेट शोधांत २३ टक्के वाढ आढळली. तोही पुरावाच आहे, पण त्याकडे इशारा म्हणून पाहावे, रुग्णसंख्या म्हणून नव्हे. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवले की गरीब कुटुंबांसाठीच्या सरकारी साहाय्य योजनेतील सुमारे ५० लाख लाभार्थ्यांनी एकट्या ऑगस्टमध्ये सट्टा कंपन्यांकडे सुमारे ३ अब्ज रेआल (ब्राझीलचे चलन) पाठवले. हा आकडा पाठवलेल्या रकमेचा आहे, निव्वळ हानीचा नाही. एवढी काळजी घेऊनही, जेवणखाणासाठी दिलेली मदत कोणत्या दिशेने वाहते हे त्यातून स्पष्ट दिसते.

खेळाचे काय होते

येथे दोन्ही बाजू सहसा अर्धेच सांगतात. बास्केटबॉलपटू जॉन्टे पोर्टर यांच्यावर एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगने एप्रिल २०२४ मध्ये आजीव बंदी घातली. ते एका सामन्यातून आजारपणाचे कारण सांगून लवकर बाहेर पडले होते, आणि त्यांचे वैयक्तिक आकडे ठरावीक पातळीखाली राहतील अशी ८०,००० डॉलरची गुंफलेली पैज लावली गेली होती, जिच्यावर ११ लाख डॉलर मिळाले असते. परवानाधारक कंपनीला ती संशयास्पद वाटल्याने रक्कम गोठवली गेली आणि प्रकरण उघड झाले. कायदेशीर बाजारात नोंदी राहतात, म्हणून गैरव्यवहार पकडता येतो, हे यातून दिसते. उलट, २००० साली दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे सामना-निश्चितीचे प्रकरण दिल्ली पोलिसांनी दूरध्वनी संभाषणे ऐकली म्हणून बाहेर आले; त्या बाजाराची कोणतीही वही कोणाकडे नव्हती.

पण पोर्टर प्रकरणातील पैज मुळात उपलब्ध होती, हेही तेवढेच खरे. अकरा जणांचा सामना विकण्यास अनेकांना सामील करावे लागते. एका राखीव खेळाडूने दुखण्याचे निमित्त करून बाकावर बसण्यास कोणाचीच संमती लागत नाही. संघातील ज्या खेळाडूचे मानधन कमी, त्याच्या आकड्यांवर पैजा घेणे हे जोखमीला निमंत्रण आहे. ओहायोने २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरील पैजा बंद केल्या. पैज हरलेल्यांकडून या विद्यार्थ्यांना येणाऱ्या धमक्या हेही त्यामागचे एक कारण होते. प्रस्तावात विद्यार्थी व कनिष्ठ स्तरावरील खेळ वगळले आहेत का, हे कलमनिहाय पाहावे.

संरक्षक तरतुदी

‘जबाबदारीने खेळा’ या छापाच्या इशाऱ्यांना गुण देऊ नयेत. जे मोजता आणि लागू करता येते तेवढेच धरावे. स्वतःहून बंदी घालून घेण्याची एकच राष्ट्रीय नोंदवही आहे का, जशी ब्रिटन, स्वीडन, जर्मनी व ऑस्ट्रेलिया येथे आहे, की प्रत्येक कंपनीकडे वेगळा अर्ज करावा लागेल? क्रेडिट कार्डावर बंदी आहे का? ब्रिटनने ती एप्रिल २०२० मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने जून २०२४ मध्ये ऑनलाइन सट्ट्यासाठी आणली. जाहिरातींबाबत इटलीने २०१८च्या आदेशाने जवळपास पूर्ण बंदी घातली, स्पेनने प्रसारण मध्यरात्रीनंतरच्या तासांपुरते ठेवले, बेल्जियमने २०२३ मध्ये बहुतेक जाहिराती थांबवल्या. हे सर्व देश आधी मोकळीक देऊन मग मागे फिरले आहेत, आणि तोवर क्लब व वाहिन्या त्या पैशावर अवलंबून झाल्यामुळे मागे फिरणे महाग पडले. म्हणून जाहिरातीचे निर्बंध मूळ कायद्यातच आहेत का, ते पाहावे. आणखी एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: सातत्याने जिंकणाऱ्या ग्राहकाची पैज कंपनीला मर्यादित करता येईल का? अनेक ठिकाणी ती तशी केली जाते, आणि सतत हरणाऱ्याला मात्र खास ग्राहक म्हणून सवलती मिळतात. ज्या यंत्रणेला जिंकणारा इतक्या लवकर ओळखता येतो, तिला संकटात सापडलेला ग्राहकही ओळखता येतो. तशी सक्ती कायद्यात असावी.

सूचना पाठवताना काय मागावे

लेखी सूचनांत सामान्य विरोध वा पाठिंबा नोंदवण्यापेक्षा कलमांत बदल सुचवावेत, आणि त्यांत विदेची, म्हणजे नोंदलेल्या आकडेवारीची, मागणी अग्रक्रमाने ठेवावी. पहिला परवाना देण्यापूर्वी जुगाराचे प्रमाण, घरगुती कर्ज आणि मदत मागणाऱ्यांची संख्या यांची पायाभूत पाहणी झाली पाहिजे, कारण ती नंतर करता येत नाही आणि तिच्याशिवाय पुढची प्रत्येक तुलना वादग्रस्त ठरते. ओळख काढून टाकलेली खातेनिहाय माहिती कंपन्यांनी स्वतंत्र संशोधकांना देणे परवान्याची अट असावी. उपचार व संशोधनाचा निधी कंपन्यांच्या स्वेच्छेवर सोडू नये. ब्रिटनने अनेक वर्षे तसे केले आणि अखेर एप्रिल २०२५ पासून सक्तीची आकारणी सुरू केली. परवान्याची मुदत मर्यादित असावी आणि पुनर्विलोकनाचा अहवाल मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी विधिमंडळापुढे यावा, म्हणजे नूतनीकरण नाकारण्याचा पर्याय कागदावरच न राहता प्रत्यक्षात वापरता येईल.